सतरा पायऱ्यांचा उजेड

पळसझिऱ्याच्या विठ्ठल मंदिराला पायऱ्या सतरा. त्यातल्या खालच्या सहा ग्रामपंचायतीच्या आणि वरच्या अकरा देवस्थानाच्या. देवाकडे जायचं तर माणसाला हद्द ओलांडावी लागते असं कीर्तनकार सांगतात. पण ती हद्द चुन्याच्या रेघेनं आखून दाखवणारं गाव वाशिम जिल्ह्यात हे एकच असावं.

या हद्दीवरच, म्हणजे सातव्या पायरीवर, दोन वर्षांपूर्वी मारोतरावांच्या विजयमालाबाई घसरल्या. सप्त्याचा चौथा दिवस होता. आरती झाली, माणसं उतरायला लागली आणि लाईट गेली. लाईट जाणं ही काही बातमी नव्हे, पण पायरीनं ती विजयमालाबाईंना वेगळी कळवली. घोट्याचं हाड मोडलं. मंगरूळपीरच्या डॉक्टरांनी ते नीट जुळवलं, बाई चालायला लागल्या, विहिरीपर्यंत जायला लागल्या, पापड लाटायला लागल्या. हाड जुळलं, धीर मात्र जुळला नाही. त्या दिवसापासून त्या मंदिराची पायरी चढल्या नाहीत.

"लावडस्पीकरवर आयकू येते ना," त्या म्हणायच्या. "तथी जाऊन काय देवाच्या कानात सांगाचं हाय मले?"

कीर्तनाची गोडी लागलेल्या माणसाला हे बोलणं किती खोटं असतं ते सांगायला नको. लाऊडस्पीकरवरचं कीर्तन म्हणजे पाटावर न बसता खाल्लेलं पुरण. पोट भरतं, पण जेवण होत नाही. विजयमालाबाईंची जागा बायकांच्या बाजूला, डावीकडच्या दुसऱ्या खांबाशी. तीस वर्षं त्या खांबाला पाठ लावून बसल्या. दोन वर्षं झाली तरी त्या खांबाशी कोणी बसत नव्हतं. नवीन लग्न होऊन आलेली एखादी सून बसायला गेली तर बाजूची म्हातारी म्हणायची, "थोडी सरक माय, थे जागा इजयाची हाय."

मारोतराव टाळकरी. टाळकरी कीर्तनकाराच्या मागं उभा राहतो, त्यामुळे सगळी सभा त्याच्या डोळ्यांसमोर असते. त्यांची नजर त्या खांबाकडे गेली की टाळ अर्ध्या मात्रेनं मागं पडायचा. पखवाजवाला वळून बघायचा. मारोतराव टाळाची दोरी सैल झाल्यासारखं करायचे. दोन वर्षांत त्यांनी चार दोऱ्या बदलल्या.

बायको कीर्तनाला यावी एवढंच त्यांना हवं होतं. पण मंगरूळपीरच्या कचेरीत एकतीस वर्षं टेबल सांभाळून निवृत्त झालेला माणूस असं कुठं चारचौघांत बोलतो? ते म्हणायचे, "सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न हाय."

पहिला उपाय त्यांनी कठड्याचा सुचवला. पायऱ्यांना लोखंडी कठडा झाला तर धरून चढता येईल. अर्ज दिला. देवस्थान म्हणालं, कठडा खालून सुरू होतो, पंचायतीनं करावा. पंचायत म्हणाली, कठडा वर जाऊन संपतो, देवस्थानानं करावा. तो अर्ज अजून सातव्या पायरीवर उभा आहे. दुसरा उपाय हातातल्या बॅटरीचा. पण विजयमालाबाईंचं म्हणणं असं, की बॅटरीच्या उजेडात पायऱ्या हलतात. आणि ते खरंच आहे, बघा कधी.

अशात माघ लागला, तुरी घरात आल्या आणि सप्ता ठरला. त्यात बातमी अशी आली, की यंदा पाचव्या दिवशीचं कीर्तन भागिरथाताईंचं. भागिरथाताई म्हणजे दृष्टांत सांगावा तर त्यांनीच. त्या गोष्टीत सासू आणतात तेव्हा मांडवातल्या निम्म्या बायका पदर सावरून बसतात. विजयमालाबाई त्यांच्यावर जीव टाकायच्या. बातमी ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "चांगलं झालं," आणि निवडलेलीच तूर पुन्हा निवडायला बसल्या.

मारोतरावांनी त्या सुपाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं कामरगाव गाठलं.

कामरगावात फय्याजभाईंचं रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान. दोघांची मैत्री जुनी. मारोतराव पांढऱ्या रंगाची चौकशी करायला गेले होते. पायरीच्या कडा पांढऱ्या केल्या तर निदान चांदण्यात दिसतील, एवढीच अक्कल तोवर चालली होती. फय्याजभाई डबा काढायला मागच्या खोलीत गेले, मारोतराव त्यांच्या मागोमाग, आणि त्या अंधाऱ्या खोलीत फळीवर त्यांना हिरवा चंद्र दिसला. शेजारी आणखी तीन चंद्र. एका चंद्रावर "चाय" असं लिहिलेलं.

"हे काय हाय हो, फय्याजभाई?"

"आमच्या घरच्यांचा कारखाना," फय्याजभाई म्हणाले. "कप ठेवाच्या तबकड्या हायेत. रेझिनच्या. किचेन बनवते, नावाच्या पाट्या बनवते, लग्नाची ताटं बनवते. मी जेवाले बसलो त मले ताट नाई भेटत, लोकायले भेटते."

सिताराभाभींना बोलावणं गेलं. त्या आल्या त्या हातमोजे घालूनच. त्यांनी मारोतरावांना एक बरणी दाखवली. आत साधी, फिकट पिवळसर पूड. उजेडात बघितली तर गोपीचंदन. अंधारात हाताची ओंजळ धरून बघितली तर काजवे.

"भाऊ, इसका एकच कायदा हाय," सिताराभाभी म्हणाल्या. "जितका उजेड पिईल, तितकाच देईल. दिवसभर उजेडात ठेवा, रातभर दिसन. डब्यात बंद ठेवा, त कोरा पत्थर."

मारोतरावांनी बरणी पुन्हा ओंजळीत धरून पाहिली. अर्धा जन्म कीर्तनं ऐकून जे गाठीला बांधलं होतं, ते ही बाई हातमोजे घालून एका वाक्यात सांगत होती.

"पायऱ्यायले लावता येईन काय?"

"येईन ना. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पारदर्शक वार्निशमधेच मिळवा. लावता लावता ढवळत राहा, पूड खाली बसते. आन् खाली पांढरा हात मारा, वर हे."

मारोतरावांनी तिन्ही गोष्टी ध्यानात ठेवल्या. फक्त घरी येईपर्यंत त्यांचा क्रम बदलला. घरात खिडकीचा उरलेला पांढरा ऑईलपेंट होता. खाली पांढरा आणि वर वार्निश असे दोन हात मारण्यापेक्षा पांढऱ्यातच पूड घातली तर एका हातात काम होईल, असा शासकीय काटकसरीचा विचार त्यांनी केला आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर प्रयोग केला. संध्याकाळी दार लावून दोघं नवराबायको न्हाणीत उंबऱ्याकडे बघत उभे राहिले. उंबरा दिसेना. उंबऱ्यावर ठेवलेला साबण दिसेना. थोड्या वेळानं विजयमालाबाईंच्या पायाखाली तो सापडला आणि त्या पडता पडता वाचल्या.

"अजी," त्या नळाला धरून म्हणाल्या, "तुमी मले पाडाची सोय करून राह्यले की न पाडाची?"

ही हकीगत शेजारच्या चंपाबाईंनी न्हाणीच्या मोरीतून ऐकली आणि सकाळपर्यंत सल्ल्यांची रीघ लागली. एक म्हणाला, पुडीत हळद टाका. दुसरा म्हणाला, रंग लावला तेव्हा चौघडी कोणती होती ते पाहिलं काय? चंपाबाई म्हणाल्या, त्यांच्या माहेरी अनसिंगला एकानं असंच काहीतरी अंगणात लावलं होतं आणि त्याची म्हैस आटली. त्या दोन गोष्टींचा संबंध काय असं मारोतरावांनी विचारलं, तर म्हणाल्या, "संबंध म्या नाई लावला. म्हैस आटली, इतकं खरं."

फोनवर सिताराभाभींनी हसू आवरून सांगितलं, की पांढऱ्या रंगात पूड टाकणं म्हणजे दिवा लावून त्यावर घागर पालथी घालणं. मारोतरावांनी वार्निश आणलं. एका उरलेल्या फरशीच्या तुकड्यावर नमुना केला, दिवसभर उन्हात ठेवला, आणि संध्याकाळी फरशी अशी उजळली की तिच्या उजेडात विजयमालाबाईंचे हात दिसले. त्या बराच वेळ बघत बसल्या.

"सुंदर हाय," त्या म्हणाल्या. मग सवयीनं, "पण मले काय कराचं हाय."

उरलेली पूड कोरडी आणि घट्ट झाकणात ठेवायची होती. घरात घट्ट झाकणाचे डबे दोनच. लग्नात आलेले, स्टीलचे, जुळे. एकात विजयमालाबाईंनी कुटून, चाळून ठेवलेलं गोपीचंदन. सप्त्यात श्रोत्यांच्या कपाळी लावायचं गंध दरवर्षी त्यांच्याच घरून जायचं. ती त्यांची सेवा, पाय मोडला तरी ती मोडली नव्हती. दुसरा डबा रिकामा होता. मारोतरावांनी पूड त्यात भरली आणि तो पहिल्याच्या शेजारी फळीवर ठेवला. ज्या माणसानं एकतीस वर्षं प्रत्येक फायलीवर चिठ्ठी लावली, त्यानं त्या डब्यावर चिठ्ठी लावली नाही. निवृत्ती ही अशी चीज आहे.

आता परवानगी. रंग म्हणजे बांधकाम नव्हे, तेव्हा परवानगी लागणार नाही असा मारोतरावांचा कयास होता. देवस्थानाचे अध्यक्ष हरीओमभाऊ म्हणाले, वरच्या अकरा पायऱ्या तुम्ही आजच रंगवा, पण खालच्या सहांना हात लावला तर पंचायत ओरडेल. अकराच रंगवल्या असत्या तर अंधारात मंदिर अधांतरी लटकल्यासारखं दिसलं असतं, आणि मुख्य म्हणजे तिथवर चढायचं कसं हा प्रश्न राहिला असता. मारोतरावांनी ग्रामपंचायतीला अर्ज केला. विषय: पायऱ्या अंधारात दिसणेबाबत.

ग्रामसेवक करणसाहेब तरुण आणि नियमाला धरून. ते मंगळवारी येत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"काका, स्थळपाहणी करावी लागेल."

"करा ना."

"अंधारात करावी लागेल. आणि माझी ड्युटी पावणेसहाला संपते."

दोघंही विचारात पडले. उन्हाळ्याच्या तोंडावर पावणेसहाला अंधार पाडणं दोघांच्याही अधिकारात नव्हतं. शेवटी मारोतरावांनीच तोड काढली. दुसऱ्या मंगळवारी ते नमुन्याची फरशी आणि घरचं घोंगडं घेऊन पंचायतीत गेले. भर दुपारी बारा वाजता ग्रामसेवक आणि निवृत्त वरिष्ठ सहायक एका घोंगड्याखाली डोकं घालून बसले.

"दिसते काय?"

"दिसतंय, काका. छान दिसतंय."

त्याच वेळी चंपाबाई रहिवासी दाखला घ्यायला आत आल्या. टेबलाच्या पलीकडे एक घोंगडं, त्यातून चार पाय आणि "अजून थोडं जवळ धरा" असा साहेबांचा आवाज. चंपाबाई दाखला न घेताच परत गेल्या. मारोतरावांना पुढचे चार दिवस पारावर बसता आलं नाही. पण शेरा मिळाला: "समक्ष पाहणी केली. हरकत नाही."

पायऱ्या रंगवायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी पांढरा हात. दुसऱ्या दिवशी वार्निश. ढवळायचं विसरले, त्यामुळे वरच्या पायऱ्या फिक्या आणि डब्याचा तळ आला तशी खालची पायरी पौर्णिमेसारखी. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या, या वेळी दर ब्रशाला ढवळत, ओठांत नाम घेत. एक ढवळणं, एक विठ्ठल. काम इतकं मन लावून चाललं होतं, की मागं ठेवलेल्या डब्यात चंपाबाईंच्या शेळीनं तोंड घातलं ते कळलंच नाही. वास न आवडून तिनं तोंड काढून घेतलं. दाढी तेवढी बुडाली.

त्या दिवशी दिवेलागणीला वेशीवरच्या माणसांना हरभऱ्याच्या शेतातून एक तेजस्वी दाढी जाताना दिसली. फक्त दाढी. कमरेइतक्या उंचीवर, संथ, मधूनच थांबणारी. गावात लगेच दोन पक्ष पडले. एकाचं मत, कोणी सिद्धपुरुष बसल्या आसनानं फिरतो आहे. दुसऱ्याचं मत, सिद्धपुरुष हरभरा खात नाहीत. शेळी घरी आली तेव्हा चंपाबाईंनी मारोतरावांच्या अंगणात उभं राहून जे सांगितलं, त्यात त्या अनसिंगच्या म्हशीचा पुन्हा उल्लेख होता.

पण पायऱ्या झाल्या. सतराही. त्या संध्याकाळी खालून बघितलं तर अंधारात सतरा हिरव्या रेघा एकावर एक, जणू कोणी वहीचं पान आखून ठेवलं होतं. मारोतराव घरी गेले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "पायऱ्या आता दिसतात."

विजयमालाबाईंनी भाकरी उलटली. "आयकलं म्या."

"भागिरथाताई परवा येऊन राह्यल्या."

"थेही आयकलं."

एवढ्यावर त्या रात्रीचं बोलणं संपलं. पण सकाळी मारोतरावांना दिसलं, की दोरीवर काठाचं हिरवं लुगडं वाळत होतं. मंदिरात जायचं लुगडं.

पाचव्या दिवशी काय झालं ते सावकाश सांगायला हवं.

दुपारी मारोतराव मंदिराकडे गेले तर पायऱ्या नाहीशा झालेल्या. हरीओमभाऊंनी भागिरथाताईंच्या स्वागताला मंगरूळपीरहून लाल गालिचा आणला होता आणि तो तळापासून गाभाऱ्यापर्यंत अंथरला होता. सतराही पायऱ्या त्याखाली, सकाळपासून अंधारात.

"हरीओमभाऊ, हे काय केलं तुमी? त्यायले उजेड पाहिजे."

"अहो, ताई येऊन राह्यल्या. त्यायले काय शेळीनं चाटलेल्या पायऱ्यायवरून नेऊ?"

"शेळीनं डबा चाटला. पायऱ्या नाई."

"उद्या काढतो ना गालिचा."

उद्या कीर्तन दुसऱ्याच महाराजांचं होतं. मारोतराव घरी आले. विजयमालाबाई हिरवं लुगडं नेसून ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं, सगळं ओळखलं, आणि म्हणाल्या, "मी इथूनच आयकीन. तुमी जा. रुखमाबाई आली होती, गंधाचा डबा देला तिच्याजवळ."

मारोतराव टाळ घेऊन निघाले. फळीकडे त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिथं उरलेला डबा उघडून बघायची बुद्धी झाली असती की नाही, देव जाणे.

मंदिराच्या दारात मोबाईल जमा करायचं टोपलं होतं. भागिरथाताईंचा तो नियम: कीर्तनात एकाचंही यंत्र वाजलं तर त्या वीणेकऱ्याला नमस्कार करून खाली बसतात. दोनशे मोबाईल कोठीघरात गेले आणि हरीओमभाऊंनी कुलूप घातलं. पुढं रुखमाबाई गंधाची वाटी घेऊन उभ्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळी उभं गंध. मारोतरावांनाही लावलं.

"इजयाचं गंध यंदा खरखरीत हाय," त्या म्हणाल्या. "डोळे अधू झाले काय तिचे? चाळलं नाई वाट्टे."

फय्याजभाई आणि सिताराभाभीही आले होते, पायऱ्यांचा सोहळा बघायला. गालिचा बघून दोघं खालच्या पायरीशीच थांबले. फय्याजभाई म्हणाले, "भाऊ, तुमच्या पायऱ्यायले तर रजई पांघरून झोपवलं."

कीर्तन सुरू झालं. चार हॅलोजनच्या प्रकाशात सभामंडप दिवसासारखा. भागिरथाताईंनी अभंग लावला, चाल धरली, आणि तासाभरात त्या दृष्टांताला आल्या. एक सासू. भली कंजूष. तुपाचं मडकं छताला टांगलेलं. दारात उपाशी अतिथी आलेला. सासू झोपलेली. आणि धाकटी सून, नवी नवरी, मनात म्हणते, घरी आलेला देव कोरडी भाकरी खाऊन जाणार काय? सुनेनं शिडी लावली. एक पायरी चढली. दुसरी चढली. शिडी करकरली. सून थांबली. सासूनं कूस बदलली. सून पुन्हा चढली, हात वर केला, बोटं मडक्याला लागली, आणि खाली सासूनं डोळे उघडून विचारलं—

लाईट गेली.

पूर्ण अंधार. माईक बंद, हॅलोजन बंद. डीपीवरचा फ्यूज उडाला होता, पण ते नंतर कळलं. मारोतरावांनी सवयीनं पायऱ्यांच्या दिशेला पाहिलं. काळोख. मग त्यांनी समोर सभेकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातला टाळ आपोआप थांबला.

दोनशे कपाळं उजळली होती. दोनशे उभी हिरवी गंधं, अंधारात हलणारी, एकमेकांकडे वळणारी. बायकांच्या बाजूला, पुरुषांच्या बाजूला, खांबांच्या मधून. फक्त डावीकडच्या दुसऱ्या खांबाशी अंधाराचा एक चौकोन.

"माय गे," कोणीतरी हळूच म्हणालं. मग एकाएकी गलबला झाला. कोणी हात जोडले. कोणी शेजारच्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. पखवाजवाला म्हणाला, "ताई, तुमच्याही कपाळावर हाय." एक म्हातारा चमत्कार म्हणून भुईवर आडवा झाला.

मारोतरावांना सगळं कळलं. दोन जुळे डबे डोळ्यांसमोर उभे राहिले. गप्प बसले असते तर गावाला चमत्कार मिळाला असता, देवस्थानाला देणग्या मिळाल्या असत्या आणि त्यांची अब्रू राहिली असती. पण खोटा चमत्कार देवाच्या माथी मारणं त्यांच्यानं होईना. त्यांनी घसा साफ केला आणि कचेरीतल्या आवाजात सांगितलं, "मंडळी, हा देव नोहे. माही पावडर हाय. पायऱ्यायसाठी आणली होती. डबा बदलला. साबणानं निंगते. डोळ्यात जाऊ देऊ नका."

हे ऐकून भागिरथाताई हसल्या.

"पावडर तुमची, काका. पण रुखमाबाईनं गंध म्हणून लावली, यांनी गंध म्हणून लावून घेतली, म्हणजे गंधच ते. मी वीस वर्षं सांगत आले, प्रत्येकाच्या ठायी उजेड आहे. तेव्हा सगळे माना हलवत होते. आज दिसला तर भुईवर कायले लोळता?"

आडवा झालेला म्हातारा उठून बसला.

एवढ्यात खालून, पायऱ्यांच्या तळाशी, एक आवाज आला. "अजी, त्या सुनेचं काय झालं?"

मारोतरावांनी टाळ खाली ठेवला. लाऊडस्पीकर बंद पडला आणि विजयमालाबाई ओसरीवर राहू शकल्या नव्हत्या. अंधारात गल्ली ओलांडून, भिंतीला धरून, हिरव्या लुगड्यात त्या पहिल्या पायरीशी उभ्या होत्या. वर दोनशे कपाळं आणि खाली त्या. मधे सतरा काळ्या पायऱ्या.

"थांबा तथीच," मारोतराव ओरडले. "मी येतो."

"तुमी नका येऊ धावत. तुमीही पडसान. मी इथूनच इचारलं. थे पोरगी शिडीवर हाय अजून."

तेव्हा अंधारातून हरीओमभाऊंचा आवाज आला. घाई नव्हती त्यात. आडतीवर हमालांना सांगावं तसा. "गालिचा गुंडाळाले टाईम नाई. सतरा जण उठा. एक-एक पायरी धरा, डाव्या अंगाला. पायरीवर बसा अन् तोंड खालच्या अंगाला करा. वयनी येऊन राह्यल्या."

सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न नेमका कोणाचा होता, हे गावाला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. मारोतरावांनाच तेवढं ठाऊक नव्हतं, की ते ठाऊक आहे.

माणसं बसत गेली. ग्रामसेवक करणसाहेब, ड्युटी संपलेली असताना, पंचायतीच्या सहाव्या पायरीवर. चंपाबाई चौथीवर. पखवाजवाला वर, बाराव्या पायरीवर. एकेक पायरी, एकेक हिरवं कपाळ, वर चढत गेलेली रांग. सगळ्यात खाली फय्याजभाई बसले. त्यांच्या कपाळी गंध नव्हतं. त्यांनी सिताराभाभींनी बनवलेलं गाडीच्या चावीचं किचेन गुडघ्यावर धरलं. हिरवा, वाटोळा चंद्र. सातव्या पायरीवर मारोतराव.

विजयमालाबाईंनी फय्याजभाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"ही एक, भाभी," फय्याजभाई म्हणाले. "वरची पक्की हाय. मीच रंग देला होता."

मग दुसरा खांदा. तिसरा. चौथीवर चंपाबाई म्हणाल्या, "माह्या खांद्यावर जोर नको देऊ, इजया, शेळीमागं पळून दुखते." पाचवा खांदा. सहावा. दोन वर्षं दोन कचेऱ्यांना न जमलेला कठडा बसल्या जागी तयार झाला होता. मधेमधे तो खोकत होता एवढंच.

सातव्या पायरीशी त्या थांबल्या. मारोतरावांना त्यांचा श्वास ऐकू येत होता. खांद्यावर हात आला. बराच वेळ उचललाच नाही.

"दोन डबे सारखे असले," विजयमालाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "त नाव लिवत जा वर."

"लिहीन."

"अन् टाळ कोनाजवळ देला?"

"खाली ठेवला."

"मंग मागं पडला नसन आज." आणि त्यांनी पाय उचलून आठव्या पायरीवर ठेवला.

उरलेल्या नऊ पायऱ्या त्यांनी भराभर घेतल्या. खांबाशी गेल्या, पाठ टेकली. रुखमाबाईंनी वाटीतलं उरलेलं गंध त्यांच्या कपाळी लावलं. त्या अंधाऱ्या चौकोनात शेवटची एक हिरवी रेघ उमटली.

"बसल्या काय, माउली?" भागिरथाताईंनी विचारलं. माईकची गरज नव्हती. टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"बसली. सांगा आता. काय इचारलं सासूनं?"

"सासूनं डोळे उघडून विचारलं, सूनबाई, शिडी धरू काय?"

दोनशे कपाळं हसायला लागली. अंधारात हसणाऱ्या माणसांची गंधं कशी हलतात ते पळसझिऱ्याच्या माणसांनीच पाहिलं आहे. टाळ्यांचा ठेका धरला गेला, नामघोष सुरू झाला, आणि त्याच सुमाराला कोणीतरी डीपीवर जाऊन फ्यूज बांधला. लख्ख उजेड झाला. कपाळावरची सगळी गंधं पुन्हा साधी, पिवळसर, थोडी खरखरीत झाली.

पायऱ्यांवरची माणसं उठून आपापल्या जागी गेली. फय्याजभाईंनी किचेन खिशात टाकलं. वरून पखवाजवाल्यानं खूण केली, मारोतराव, टाळ घ्या.

मारोतरावांनी मान हलवली आणि ते सातव्या पायरीवरच बसून राहिले, कपाळ हॅलोजनकडे करून. चढणं झालं होतं. उतरणं बाकी होतं, आणि लाईटचा काही भरवसा नव्हता.